हिमालयाचे वळण उलगडणारे वाडिया

नकाशावर हिमालयाची रांग पाहताना नजर अरुणाचलापासून पश्चिमेकडे सरकू लागते. सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची ही कमान भूतान, नेपाळ, कुमाऊँ आणि हिमाचल ओलांडून वायव्येला काश्मीरपर्यंत येते आणि ८,१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्वतापाशी एकाएकी थबकते. तेथे सिंधू नदी पर्वताला वळसा घालून दक्षिणेची वाट धरते आणि पर्वतातील खडकांचे थरही केसांच्या आकड्यासारखे वाकून नैऋत्येकडे वळतात. एवढा प्रचंड पर्वत असा मध्येच का वाकावा, हा प्रश्न भूवैज्ञानिकांना एकोणिसाव्या शतकापासून पडला होता. त्याचे उत्तर शोधले ते दाराशॉ नौशेरवान वाडिया यांनी. त्यांच्याकडे युरोपातील कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती आणि भूशास्त्राचा मोठा भाग ते डोंगरांतच शिकले होते.

वाडिया यांचा जन्म ऑक्टोबर १८८३चा, सुरतेचा. जहाजबांधणीसाठी नावाजलेल्या वाडिया घराण्याशी नाते सांगणारे हे पारशी कुटुंब. मात्र वडील रेल्वेच्या एका लहानशा स्थानकावर स्टेशनमास्तर होते आणि घरात मुलांचा गोतावळा मोठा होता. दाराशॉंचे पहिले शिक्षण सुरतेत झाले. पुढे कुटुंब बडोद्याला आले आणि मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे तेव्हा विद्येच्या क्षेत्रात आघाडीवर होते. बडोदा कॉलेजात त्या काळी अरविंद घोष शिकवीत होते. याच कॉलेजात अदरजी मसानी हे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या शिकवण्याने तरुण वाडियांना झाडे, प्राणी आणि दगड या तिन्हींचे वेड लावले. बडोदा कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला संलग्न होते. त्यामुळे वाडियांच्या पदव्या मुंबईच्या आहेत. १९०३मध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र, १९०५मध्ये वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र आणि १९०६मध्ये एम.ए., अशा त्या पायऱ्या होत्या.

१९०७मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. आज हे महाविद्यालय गांधी मेमोरियल सायन्स कॉलेज म्हणून ओळखले जाते. तेथे त्यांनी चौदा वर्षे काढली. ही चौदा वर्षे म्हणजे वाडियांचे खरे विद्यापीठ. जम्मू शहराच्या आसपास शिवालिकच्या टेकड्या आहेत. वाळूचे, चिखलाचे आणि गोट्यांचे दगड बनून राहिलेले हे थर हजारो मीटर जाडीचे आहेत. ते आले कोठून, याचे उत्तर थक्क करणारे आहे. हिमालय उंचावत असतानाच पाऊस आणि नद्या त्याला झिजवीत होत्या. ती झीज पायथ्याशी साचत गेली आणि पर्वताचा रेटा दक्षिणेकडे सरकल्यावर तो साचलेला गाळच उचलला जाऊन नव्या टेकड्या झाल्या. पर्वताच्या राखेतून पर्वतच उभा राहावा, असा हा प्रकार.

सुट्टी लागली की वाडिया या टेकड्यांत जात, दगड आणि जीवाश्म गोळा करून आणीत आणि वर्गात विद्यार्थ्यांपुढे मांडीत. अशाच एका भटकंतीत त्यांना हत्तीच्या एका नामशेष नातलगाचा सुमारे तीन मीटर लांबीचा सुळा मिळाला. या प्राण्याचे शास्त्रीय नाव स्टेगोडॉन गणेश. शिवालिकच्या खडकांतून एकोणिसाव्या शतकात तो प्रथम ओळखला गेला, तेव्हा त्याला गजाननाचे नाव देण्यात आले होते. असे प्राणी ज्या गवताळ आणि झाडीच्या प्रदेशात वावरत होते, त्यांचे हवामान कसे असेल, हा विचार मग आपोआपच पुढे येतो. खडकात केवळ जमिनीच्या हालचालीची नोंद नसते, पावसापाण्याचीही असते, हे भान वाडियांना जम्मूतच आले असावे. पुढच्या आयुष्यभर त्यांच्या लेखनात ते दिसत राहिले.

शिकवताना एक अडचण त्यांना सतत जाणवे. भारताच्या भूशास्त्रावर विद्यार्थ्याच्या हाती देता येईल असे पुस्तकच नव्हते. जी मोठी ग्रंथसंपदा होती ती जाणकारांसाठी, शिवाय बरीचशी जुनी. ही उणीव भरून काढण्यासाठी वाडियांनी स्वतःच लेखणी उचलली आणि १९१९मध्ये ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि भारतीय उपखंडातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. एका लहान संस्थानी कॉलेजातील प्राध्यापकाने, मोठ्या ग्रंथालयांपासून दूर बसून, संपूर्ण देशाच्या जमिनीचा इतिहास एका पुस्तकात बसवावा, ही साधी गोष्ट नव्हती.

१९२१मध्ये, अडतिशीच्या उंबरठ्यावर, वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात दाखल झाले. या विभागात तेव्हा वरच्या जागांवर युरोपीय अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता. परदेशी पदवी नसलेल्या भारतीयाला तेथे अधिकारीपद मिळणे ही अपूर्व घटना मानली गेली. त्यांच्याकडे काम आले ते वायव्य हिमालयाचे. पूंछ, पीरपंजाल, काश्मीर, हजारा, पुढे चिलास आणि नंगा पर्वत हा सारा दुर्गम मुलूख त्यांनी वर्षानुवर्षे अक्षरशः पायाखाली घातला. हातात हातोडी, होकायंत्र आणि नकाशा, मुक्काम तंबूत, आणि प्रत्येक कड्यापाशी थांबून थर कोणत्या दिशेला किती अंशांनी कलला आहे याची नोंद. असे हजारो ठिपके जोडले गेले, तेव्हा कोठे पर्वताचा अंतरंगी आराखडा दिसू लागला.

त्यापूर्वी या वळणाविषयी एक समज रूढ होता. ऑस्ट्रियाचे थोर भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी झेलमच्या परिसरात दोन वेगवेगळ्या पर्वतकमानी एकमेकींना भेटतात, असे मानले होते. दोन मोठ्या लाटा एकमेकींवर आदळाव्यात तसे हे चित्र होते. वाडियांनी मात्र खडकांचाच माग काढला. काश्मीरच्या बाजूला जे थर ज्या क्रमाने दिसतात, तेच थर त्याच क्रमाने वळणाला वळसा घालून हजाराच्या बाजूलाही सापडतात, हे त्यांनी दाखवून दिले. मुझफ्फराबादपाशी झेलम एकाएकी दक्षिणेला वळते, तसाच पर्वतही तेथे वळतो. याचा अर्थ पर्वत एकच आहे आणि तो वाकलेला आहे. १९३१मध्ये सर्वेक्षण विभागाच्या नियतकालिकात त्यांचा वायव्य हिमालयाच्या या वळणावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. भूवैज्ञानिक या वळणाला सिंटॅक्सिस म्हणतात.

वळण का पडले, याचेही उत्तर त्यांनी सुचविले. दख्खनपासून उत्तरेपर्यंत पसरलेल्या भारतीय द्वीपकल्पाचा प्राचीन, कठीण पाया पंजाबच्या गाळाखाली जिभेसारखा पुढे घुसलेला आहे. उत्तरेकडील मऊ थर दक्षिणेकडे रेटले गेले, तेव्हा या कठीण जिभेने त्यांना अडवले. वाहत्या चिखलात खांब रोवला की चिखल त्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घेतो, तसे ते थर या अडथळ्याभोवती वाकले. खडकांचे प्रचंड पापुद्रे एकमेकांवर चढलेले आहेत हेही त्यांनी ओळखले. पीरपंजालच्या उतारावर जुने खडक वर आणि नवे खडक खाली, असा उलटा क्रम ज्या भेगांमुळे दिसतो, त्या मरी आणि पंजाल या दोन थ्रस्टची त्यांनी केलेली आखणी आजही पाठ्यपुस्तकांत आहे. खंडे सरकतात ही आल्फ्रेड वेगेनर यांची कल्पना १९१२मध्ये मांडली गेली होती. मात्र तिच्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता आणि भूपट्टांचा सिद्धान्त येण्यास अजून तीन दशके होती. अशा काळात केवळ जमिनीवरच्या पुराव्यावर उभे केलेले हे चित्र होते.

याच मुशाफिरीत हवामानाची दुसरी कथाही त्यांच्यापुढे उलगडत होती. काश्मीर खोऱ्यात करेवा नावाची सपाट पठारे आहेत. पांपूरची केशराची शेती याच पठारांवर होते. हे करेवा म्हणजे एका प्राचीन सरोवराचा गाळ आहे. पाण्याच्या तळाशी आडवा साचलेला हा गाळ खोऱ्याच्या दक्षिणेला पीरपंजालच्या उतारांवर मात्र कललेला आणि सरोवराच्या पातळीपेक्षा कितीतरी उंचावर गेलेला सापडतो. त्याच्या थरांत हिमनद्यांनी आणलेले दगडगोटेही मिसळलेले आहेत. हिमयुगात बर्फ पुढे सरकत होते, मागे हटत होते आणि त्याच काळात पीरपंजाल उंचावत होता. भूशास्त्राच्या मोजमापाने ही गोष्ट अगदी कालपरवाची. पर्वत घडून संपलेला नाही, तो आजही घडतो आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असणार?

सन्मानही येत गेले. १९३४मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने बॅक पारितोषिक दिले आणि १९४३मध्ये तेथील जिऑलॉजिकल सोसायटीने लायेल पदक. १९३८मध्ये सर्वेक्षण विभागातून निवृत्त झाल्यावर ते सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून गेले. तेथील भूमी समुद्रापासून मधल्या डोंगरांपर्यंत तीन पायऱ्यांनी चढत जाते. झिजून सपाट झालेली जमीन टप्प्याटप्प्याने उचलली गेल्याने या पायऱ्या बनल्या, असे त्यांनी मांडले. झीज आणि उत्थान यांचा हिशेब ते तेथेही मांडत होते. १९४२मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन बडोद्याला भरले आणि अध्यक्षपदावरून त्यांनी भारताची भूमी कशी घडली याची कथा सांगितली. विद्यार्थी म्हणून ज्या शहराने त्यांना घडविले, तेथेच हा योग यावा, हे विशेष. पुढच्या वर्षीही अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले.

स्वातंत्र्याच्या आसपास ते मायदेशी परतले. देशाच्या खनिज धोरणासाठी त्यांचा सल्ला घेतला गेला आणि १९४९पासून अणुऊर्जेसाठी लागणाऱ्या खनिजांचा शोध घेणाऱ्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. १९५७मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक. १९५८मध्ये पद्मभूषण, १९६३मध्ये राष्ट्रीय प्राध्यापकपद आणि १९६४मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेसचे अध्यक्षपद. आशिया खंडात ही काँग्रेस प्रथमच भरत होती.

या साऱ्या वैभवात एक सल मात्र असणारच. १९४७नंतर त्यांनी रेखाटलेला बहुतेक मुलूख युद्धबंदी रेषेच्या पलीकडे गेला. मुझफ्फराबाद, हजारा, चिलास, नंगा पर्वत येथे भारतीय भूवैज्ञानिकाला पाऊल ठेवणे अशक्य झाले. हिमालयाचे जे वळण एका भारतीयाने उलगडले, ते पुढच्या भारतीय पिढ्यांसाठी केवळ त्याच्या नकाशांत उरले. वाडियांनी मात्र हिमालयाचा ध्यास सोडला नाही. १९६०मध्ये त्यांनी मध्य आशिया हिमयुगानंतर कोरडा का पडत गेला यावर लेखन केले. १९६८मध्ये त्यांच्या पुढाकाराने हिमालयाच्या भूशास्त्राला वाहिलेली संस्था दिल्लीत सुरू झाली. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. १९७६मध्ये संस्था डेहराडूनला हलली आणि तिला वाडियांचे नाव मिळाले. १९८४मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले.

वाडिया गेले तेव्हा भूशास्त्रात क्रांती घडत होती. भूपट्टांच्या सिद्धान्ताने त्यांच्या वळणाला नवा अर्थ दिला. भारताचा भूपट्ट सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि अजूनही हिमालयात वर्षाला साधारण २ सेंटिमीटर वेगाने आत घुसतो आहे. वाडियांनी कल्पिलेली कठीण जीभ म्हणजे या भूपट्टाचा पुढे आलेला कोपरा, असे आता समजले जाऊ लागले. पण खरे आश्चर्य पुढेच होते.

नंगा पर्वताच्या शिखरापासून जेमतेम वीसपंचवीस किलोमीटरवर सिंधू नदी वाहते आणि तिचे पात्र शिखराहून सुमारे ७,००० मीटर खाली आहे. जमिनीवर इतक्या कमी अंतरात एवढा चढउतार फार थोड्या ठिकाणी आढळतो. १९८०-९०च्या दशकांत शास्त्रज्ञांनी येथील खनिजांचे वय मोजले, तेव्हा निकाल चक्रावून टाकणारे होते. खोल, तप्त थरांत बनलेले काही ग्रॅनाइट अवघ्या दहा लाख वर्षांच्या आसपासचे निघाले. ते एवढ्या लवकर पृष्ठभागावर आले, कारण वरचे खडक विलक्षण वेगाने झिजत होते. वर्षाला ५ मिलिमीटर हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. दहा लाख वर्षांत त्याचे पाच किलोमीटर होतात.

२००१मध्ये अमेरिकेचे पीटर झाइटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून एक धाडसी कल्पना मांडली. सिंधू नदी आणि हिमनद्या येथे पर्वताला इतक्या वेगाने कापतात की वरचे ओझे उतरते. ओझे उतरले की खालचा तापलेला, मऊ झालेला खडक त्याच ठिकाणी वर उसळतो. रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ झाली की तेथे फुगवटा येतो, तसा हा पर्वताचा फुगवटा. म्हणजे नदी पर्वत खोदते आणि त्या खोदण्यानेच तो उंच होतो. हिमालयाच्या पूर्व टोकाला, ७,७८२ मीटरच्या नामचा बारवाला वळसा घालणाऱ्या ब्रह्मपुत्रेच्या घळईतही हेच दृश्य आहे. दोन टोके, दोन वळणे आणि दोन महानद्या, हा योगायोग वाटत नाही.

येथून मोठा वाद उभा राहिला. हवामान पर्वताला घडवते की पर्वत हवामानाला? उंच हिमालय मान्सूनचे ढग अडवतो आणि त्याच्या दक्षिण उतारांवर पाऊस कोसळवतो. तो पाऊस पर्वत झिजवतो. झिजलेल्या खडकांची हवेतील कार्बन डायऑक्साइडशी रासायनिक क्रिया होते आणि लक्षावधी वर्षांत पृथ्वी थंड होते, असे काहींचे म्हणणे. उलट पीटर मोल्नर आणि फिलिप इंग्लंड यांनी १९९०मध्येच बजावले होते की, हवामान थंड व वादळी झाल्याने झीज वाढली असेल आणि शिखरे उंचावल्याचा आभास त्यातूनच निर्माण झाला असेल. आधी कोंबडी की आधी अंडे, असा हा पेच. २०१४मध्ये ब्रह्मपुत्रेच्या घळईच्या वरच्या अंगाला, तिबेटात, गाळाखाली पुरलेली एक जुनी खोल घळई सापडली. नामचा बारवा सुमारे २० ते २५ लाख वर्षांपूर्वी उचलला जाऊ लागला आणि त्यामुळे नदीचा उतार तीव्र झाला, असा तिचा अर्थ लावला गेला. निदान तेथे तरी पहिली हालचाल जमिनीखालच्या शक्तींची होती आणि नदीने नंतर तिला जोड दिली, असे हा पुरावा सुचवतो. वाडियांची कठीण जीभ अशा रीतीने चर्चेत परत आली. भूपट्टाच्या कोपऱ्याचा आकारच अशा उत्थानाला पुरेसा आहे काय, हे आता संगणकावर तपासले जाते. वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नाही. १८४१च्या सुरुवातीला नंगा पर्वताचा एक कडा भूकंपाने कोसळून सिंधूत पडला आणि नदी अडली. मागे मोठे सरोवर साचले. जूनमध्ये बांध फुटला आणि शेकडो किलोमीटर खाली, अटकेपाशी तळ देऊन राहिलेले शिखांचे सैन्य त्या लोंढ्यात वाहून गेले. ८ ऑक्टोबर २००५ रोजी ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र मुझफ्फराबादजवळ होते, म्हणजे थेट वाडियांच्या वळणात. सत्तर हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हजारो उतार घसरले आणि पुढे कित्येक पावसाळे त्यांचा राडारोडा नद्यांत उतरत राहिला. भूकंपाने मोकळे केलेले पावसाने वाहून न्यायचे, हा त्या पर्वताचा जुना नियम. जम्मूच्या टेकड्या ज्या गाळाच्या बनल्या, तो असाच एकेका आघाताने खाली आला होता.

त्या वळणात आज लाखो माणसे राहतात. त्यांची घरे, रस्ते, धरणे कोठे असावीत, कोणता उतार कधी सुटेल, हे ठरवताना भेगा कोठे आहेत हे आधी माहीत असावे लागते. त्यांपैकी अनेक भेगा नकाशावर पहिल्यांदा नीट उमटल्या त्या वाडियांच्या हातोडीमुळे. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंचे भूवैज्ञानिक आजही कामाला सुरुवात करतात ती १९३१च्या त्याच नकाशापासून. पर्वताला सीमा ठाऊक नसते आणि त्याचा अभ्यास करणाऱ्यालाही ती मानून चालत नाही. एका स्टेशनमास्तरच्या मुलाने पायी फिरून काढलेल्या त्या रेषा अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. खाली सिंधू पर्वत कापतेच आहे आणि वर नंगा पर्वत उंचावतोच आहे.